गाडीचा खांदा

गाडी वळवायच्या आधी मी काच खाली करतो. थंडी असो, पाऊस असो, शेजारी बसलेला कितीही कुरकुर करो. काच खाली, पंखा बंद, मग स्टेअरिंग. कट कट कट असा आवाज पुढच्या चाकातून येतो का, ते मला ऐकायचं असतं. नाही आला की पुढच्या वळणापर्यंत बरं वाटतं. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा एसटी बरी, निदान कंडक्टर बोलू तरी देते." तिला हसू येतं. मला येत नाही.

गाडी बाबांची. शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी त्यांनी ती घेतली, तीही वापरलेली. तिच्या इंजिनाचा सगळा जोर पुढच्या दोन चाकांना जातो. जोर नेणारा दांडा म्हणजे एक्सल, आणि दांडा चाकाला मिळतो तिथं एक सांधा असतो. सांध्यात ग्रीस भरतात. ते बाहेर सांडू नये, धूळ आत जाऊ नये, म्हणून त्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण चढवतात. त्याला गॅरेजवाले बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, माती आत शिरते, वळताना सांधा कटकट करतो आणि शेवटी तुटतो. हे सगळं मला आज पाठ आहे. ज्या महिन्यात ते कळणं कामाचं होतं, तेव्हा बाबांना कळत होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत बाबा म्हणाले होते, "समोरच्या चाकात कटकट होऊन राह्यली. दाखवून आन."

"रविवारी नेतो," मी म्हणालो.

असे चार रविवार गेले. पाचव्यांदा त्यांनी विषय काढला तेव्हा मी शाळेतून वैतागून आलो होतो. मी गावच्या शाळेत कारकून आहे आणि माझं डोकं गरम व्हायला फार काही लागत नाही. मी म्हणालो, "बाबा, बैल नाही हाये ते. तुमाले काय समजते गाडीतलं?" बाबांनी पायात चप्पल सरकवली आणि पारावर जाऊन बसले. त्यानंतर कटकटीचं नाव त्यांनी माझ्यासमोर काढलं नाही.

तुरी फुलावर असताना एका दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, आई मागं बसली, आणि वाशीमकडं निघालो. अनसिंग सोडल्यावर एक मोठं वळण लागतं. तिथं मी स्टेअरिंग फिरवलं, खालून कडाड असा आवाज झाला आणि गाडी थांबली. इंजिन ओरडत होतं, गिअर पडत होता, पण चाक फिरत नव्हतं. मी फोन लावले, रस्त्यावर उभा राहून हात केले. शेवटी सोयाबीनची पोती घेऊन जाणारा एक पिकअप थांबला. आम्ही बाबांना उचलून त्यात घेतलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहिली, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

ते 'थोडं आधी' मी घालवलं. दुसऱ्या कोणी नाही. इतके रविवार माझ्या हातात होते. आणि बाबांनी मला सांगितलं होतं, हे आईला ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो. तिच्या लेखी गाडी जुनी होती, तुटली. मी तिला काही सांगितलं नाही. चुलीपाशी ती अडकित्त्यानं सुपारी कातरायची, कट, कट, आणि मी उठून अंगणात जायचो.

गाडी दोरीनं ओढून अनसिंगच्या गॅरेजात नेली होती. निंबाखाली एकटा काम करणारा, बाबांच्या ओळखीचा मिस्त्री आहे. त्यानं दोन्हीकडचे सांधे आणि बूट नवीन घातले. दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं. आई त्या गाडीत पुन्हा बसली नाही. कारंजाला मावशीकडं जायचं तरी एसटीनं जायची, उभ्यानं सुद्धा. मी कधी आग्रह केला नाही. तिनं माझ्याशेजारच्या त्या सीटवर बसावं, याची मलाच धडकी होती.

यंदा तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. वाशीमच्या डॉक्टरांनी पोळ्यानंतरची तारीख दिली. ऑपरेशन झाल्यावर एसटीच्या गर्दीत धक्काबुक्की चालणार नव्हती. मी बोलायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "तुह्या गाडीनं जाऊ." मी रात्रभर खाटेवर कुशी बदलल्या. त्याच रस्त्यानं, त्याच वळणावरून तिला न्यायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच मी गाडी मिस्त्रीकडं नेली. "काही होत नाही, पण सगळं पाहून दे," म्हणालो. त्यानं जॅक लावला, उजवं चाक काढलं आणि उकिडवा बसून आत पाहत राहिला. मग मला बोलावलं. बुटाच्या घड्या चिरल्या होत्या. एका ठिकाणी बोट जाईल एवढं फाटलं होतं आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंपडलं होतं. दोन वर्षंही झाली नव्हती तो बूट घालून. कान देऊन गाडी चालवणाऱ्या शहाण्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

"नवीन बूट एवढ्यात कसा फाटला?" मी चढ्या आवाजात विचारलं. "नकली माल टाकला काय तू?"

मिस्त्री चिडला नाही. त्यानं मोठा नट सोडवला, एक्सल ओढून काढला, सांधा सुटा केला, बूट कापून हातात घेतला आणि घडी उलटी करून नाकाशी नेली. मग तो माझ्या हातात दिला. रबर चिघळून फुगलं होतं, वरून त्याची कडक खपली निघत होती. घडीच्या आत पिवळं दिसत होतं. हळद.

"याले तेल कोन लावते, भाऊ?" तो म्हणाला. "जवसाचा वास येऊन राह्यला. तेलानं रबर खल्लास होते. डाव्या चाकाचंबी असंच असन."

कोण लावतं ते मला माहीत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. आमच्या घरी ते काम आईचं. बैल विकले त्या वर्षी ती वाटी घेऊन रिकाम्या गोठ्यात उभी राहिली आणि रडायला लागली. तेव्हा बाबांनी तिचा हात धरून तिला गाडीपाशी आणलं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं, चाकामागची जागा दाखवली आणि म्हणाले, "हा घे खांदा. वझं इथंच येते." आईनं चाकामागं हात घालून बुटाला तूप-हळद लावली. तेव्हापासून तेच चाललं. पुढं तिनं दर अमावस्येलाही जवसाचं तेल लावायला सुरुवात केली, बैल असताना लावायची तसंच. गाडीत बसणं तिनं सोडलं, पण हे सोडलं नाही. बाबांच्या मागं स्टेअरिंग मी वळवून देत होतो.

मिस्त्री डिझेलमध्ये सांध्यातल्या गोळ्या धूत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "तवा सांधा तुटला ना, त्याचा बूटबी असाच होता. पिवळा. मले तवाच समजलं होतं. पन तुमच्या घरी दुःख, मी कायले बोलू?"

मी निंबाखालच्या स्टुलावर बसलो. माझं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं क्षणभर झालं, खोटं कशाला सांगू. मी नाही. मी एकटा तरी नाही. दोन वर्षं स्वतःला खात बसलो ते सगळं त्या पिवळ्या घडीत होतं. मग ते कोणाच्या अंगावर जातं ते दिसलं. बाबांना ज्यानं रस्त्यात अडवलं ते आईनं आपल्या हातानं लावलं होतं, मायेनं, दर अमावस्येला.

मिस्त्रीनं नवं ग्रीस भरलं, दोन्हीकडं नवे बूट चढवले, पट्ट्या आवळल्या. निघताना मी त्याला म्हणालो, "हे कोनाले बोलू नको." तो म्हणाला, "भाऊ, मी तर दोन वर्सं नाही बोललो."

सायंकाळी आई वाटी घेऊन अंगणात आली. "स्टेरिंग वळव रे," म्हणाली.

मी जागचा हललो नाही. "माय, तिथं नको लावू. वरून बोनेटले लाव."

"काहून? खांदा काय वर असते?"

"मिस्त्रीनं नवीन टाकलं. त्याले तेल लावाचं नाही म्हने."

तिचा वाटीतला हात थांबला. मोतीबिंदूनं धुरकट झालेले डोळे तिनं माझ्यावर लावले. "कायले लावाचं नाही? काही होते काय त्याच्यानं?" आणि मग फार हळू, "तवा झालं होतं काय?"

एक 'हो' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. तो शब्द माझ्या जिभेवर होता, हे मी कबूल करतो.

"नाही," मी म्हणालो. "तेलानं काही झालं नाही. माह्यानं झालं. बाबांनी मले सांगतलं होतं, चाकात आवाज हाये म्हनून. पाच वेळा सांगतलं. मी नाही नेली गाडी. वरून त्यायलेच बोललो." दोन वर्षं जे खरं म्हणून उराशी धरलं, ते नेमकं आज, अर्धं खोटं आहे हे कळल्यावर, सांगत होतो.

आईनं वाटी ओट्यावर ठेवली.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "त्यायनं पारावरून येऊन मले सांगतलं होतं, पोरगं ऐकत नाही म्हनून. तू आपून होऊन कवा सांगतं, ते पाहत होती मी." मग ती जवळ आली. "लई राग होता मले तुया. मांगं बसली होती ना मी त्या दिवशी, समदं पाह्यलं. म्हनूनच बसत नव्हती तुह्या गाडीत. पन आता सांगतलं तू. जाऊ दे. माफ केलं तुले."

आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तुपाचा, हळदीचा हात.

ठरलेल्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसली. त्या वळणावर मी काच खाली केली. काही आवाज नव्हता, गाडी गुमान वळली, आणि आई शांत झोपली होती. ऑपरेशन चांगलं झालं. तिला आता दारातून पारापर्यंतचं माणूस ओळखू येतं. वाचायला ती कधी शिकली नाही, म्हणून हे लिहिता येतं. तिच्या हातून झालेलं तिनं मला माफ केलं, आणि मी मान खाली घालून ते घेतलं.