न उडालेल्या गोळीचा भाव

बाबांचं रिव्हॉल्व्हर विकायला मी आईला सोबत नेलं, ही माझी चूक. बाबा जाऊन सहा महिने झाले होते. परवानेधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून ते बंदुकीच्या दुकानात जमा होतं. आता विकायची परवानगी मिळाली होती आणि त्या पैशांत मला गळकी गच्ची दुरुस्त करायची होती. पितृप्रेम वगैरे नंतर.

बाबांची कुही गावाला धानाची गिरणी होती. हंगामात शहरातून, धरमपेठेतल्या घरून तिकडे रोकड न्यावी लागे, म्हणून हे हत्यार. त्याची कथा आमच्या घरात आरतीसारखी पाठ होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कुहीच्या रस्त्यावर दोघांनी जीप अडवली, आई शेजारी बसलेली, बाबांनी हवेत एक गोळी झाडली आणि चोर धानाच्या बांध्यांमधून पळत सुटले. सांगायची आई. बाबा नुसते मिशीवरून हात फिरवायचे. एरवी घरात पाल निघाली तर बाबा शेजाऱ्याला हाक मारत, पण कथेला कोणी बोट लावत नसे.

त्यानंतर रिव्हॉल्व्हरला एकच काम उरलं: दसऱ्याला पाटावर बसून हळदकुंकू लावून घेणं. आई कुंकू लावताना हात राखत नसे.

दुकानदाराने ते फडक्यावर ठेवलं, नळीत बॅटरी मारली, भिंग लावून बघितलं.

"भाऊ, बाहेरून कुंकवानं खाल्लं याले. पण आतून कोरं आहे. गोळी चाललीच नाही."

"एक चालली आहे," मी म्हणालो.

त्याने बाबांचा परवाना उघडला आणि जमा केलेली गोळ्यांची डबी फडक्यावर पालथी केली. "सहा घेतल्याची नोंद आहे. नंतर कधी घेतल्याच नाही. मोजा."

सहा होत्या.

"न चाललेला माल आहे. सत्तर हजार देतो."

मला इतका आनंद झाला की बापाची अब्रू गेल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं.

"चाललं आहे ते," आई म्हणाली. "मी गाडीत होती. चाललेल्याचा भाव लावा."

"काकू, चाललेल्याचे कमी होतात."

"होऊ द्या."

साठवर सौदा झाला. असं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसणार.

बाहेर येताच मी भडकलो. "दहा हजार काहून घालवले? सहाच्या सहा गोळ्या होत्या ना तिथं."

आई रसवंतीच्या सावलीत थांबली. "तुह्या बाबाचे हात थरथर कापून राहिले होते. त्यायले ते पिशवीतून काढताच नाही आलं. मीच बोंबलली गा. अशी बोंबलली का ते दोघं चपला टाकून पयाले."

"मंग गोळी?"

"घरी आल्यावर ते मान वर करून नाही राहिले, ताटाले हात नाही लावून राहिले. सासूबाईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ह्यायनं गोळी झाडली."

दुकानातल्या त्या आनंदाची आता कुठे मला लाज वाटली. मी विचारलं, "मंग जेवले बाबा?"

"दोनदा भात घेतला."