किलकेनीतली भुलाबाई आणि मिचिकोची गाणी

डब्लिन विमानतळाच्या दारातून बाहेर आले आणि असा वारा लागला की बापा रे! नागपूरच्या उन्हात मुरलेल्या माझ्या हाडांनी आधी विचारलं, बाई, परतीचं तिकीट काढलंय ना? काढलं होतं, महिन्यानंतरचं. २०१७ सालचा सप्टेंबर होता. माझी मुलगी मृणाल किलकेनीच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिला ड्युटी होती म्हणून मी एकटीच बसमध्ये चढले. "माझं सामान नीट राहील ना?" असं ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "ग्रँड!" (इथे याचा अर्थ नुसता 'ठीक आहे' एवढाच, हे मला फार उशिरा कळलं.)

खिडकीबाहेर हिरवीगार कुरणं, दगडी बांध आणि मेंढ्याच मेंढ्या. त्यांच्या पाठीवर ओळखीसाठी निळ्या-तांबड्या रंगाचे फराटे मारलेले. सगळा कळप धुळवड खेळून आल्यासारखा दिसत होता. मी एकटीच हसत बसले.

किलकेनीला उतरले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. नोर नदी, तिच्या काठचा करडा किल्ला, अरुंद गल्ल्या. आणि "हाय आजी!" करत, ड्युटीवरून आलेल्या मृणालचा हात सोडून धावत आलेली माझी सात वर्षांची नात रेवा. गळ्यात पडली, मी सुखावले. पण त्यानंतर जे सुरू झालं ते सगळं इंग्रजीत! मी विचारलं, "भूक लागली का गं?" तर म्हणाली, "आयम ग्रँड, आजी." माझं सगळं तिला कळत होतं. तिचं ते आयरिश हेल काढून बोललेलं इंग्रजी मात्र माझ्या डोक्यावरून जात होतं. मनात धसकाच बसला. समोर असताना हातवारे तरी करता येतात. मी परत गेल्यावर फोनवर हिच्याशी बोलायचं कसं? या एका महिन्यात हिच्या तोंडी मराठी आली नाही, तर माझी नात मला फोटोतच बघावी लागणार होती.

मी हाडाची संगीत शिक्षिका. दुसऱ्याच दिवशी रेवाला गालिच्यावर उभं केलं, हाताची घडी घालायला लावली आणि म्हटलं, "म्हण माझ्यामागून." आपल्याकडे रीतच आहे ना, पाहुणे आले की पोराला उभं करायचं आणि 'काकांना गाणं म्हणून दाखव' म्हणायचं! रेवाने दीड ओळ म्हटली आणि ती सोफ्यामागे जाऊन बसली.

"आई, तिला नको पिडू," मृणाल म्हणाली.

"तुला असंच शिकवलं होतं मी!"

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली आणि कामावर निघून गेली.

शनिवारी रेवाच मला हात धरून चर्चमागच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिच्या वर्गातल्या हानाची आई मिचिको जपानची, नवरा इथला सुतार. दर शनिवारी ती चार पोरं जमवून 'वाराबे-उता' (पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जपानी खेळगाणी) गाते. पोरं गोल करून बसली होती. हातात 'ओतेदामा' (लाल चवळीसारखे दाणे भरलेल्या चिमुकल्या कापडी पिशव्या). गाण्याच्या ठेक्यावर पिशवी उडवायची, झेलायची, शेजारणीकडे द्यायची. मग मिचिकोने दुसरं, चालीने जरा अलीकडचं गाणं धरलं आणि माझे कान टवकारले. मध्यम नाही, निषाद नाही. अरे, हा तर आपला भूप! किलकेनीच्या पावसात, जपानी बाईच्या गळ्यातून भूप! आणि त्यात माझी नात खड्या आवाजात गात होती, जपानीत! खोटं कशाला बोलू, जीव जळला माझा.

गाणं संपलं तशी मी सवयीने जोरात टाळ्या वाजवल्या. सगळी पोरं खेळ थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मिचिको हसली. म्हणाली, "टाळ्या नकोत. इथे कुणी दाखवत नाही. खेळतात."

नंतर चहा आणि स्कोन (आपल्या खारीचा जाडजूड, मऊ भाऊ) समोर आला. दोघींचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे गप्पा छान जमल्या. मी विचारलं, "माझ्या रेवाला गाणं शिकवलंस कसं?"

"मी नाही शिकवलं. पिशवी पडली की गाणं पहिल्यापासून. तिला पिशवी पडू द्यायची नसते."

मग ती आपल्या गावाबद्दल सांगू लागली. तिकडे संध्याकाळी गावच्या भोंग्यांवरून मुलांच्या गाण्याची धून वाजते. शब्द नाहीत, नुसती धून. ती वाजली की खेळ थांबवायचा आणि घरी पळायचं. "इथे येऊन किती वर्षं झाली. पण अंधारायला लागलं की अजून मी कान देते."

"मग?"

"मग काही नाही. ऐकू येत नाही. मी स्वयंपाकघरातच गुणगुणते. हाना अंगणातून आत येते."

तिचे डोळे भरले आणि माझेही. नदीकाठाने परतताना मला नागपूरच्या महाल भागातली आमची गल्ली आठवली. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई (मातीची पार्वती, शेजारी तिचा भुलोजी) बसायची. आम्ही पोरी या घरातून त्या घरात टिपऱ्या वाजवत गाणी गात फिरायचो. शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. ती गाणी आम्हाला कुणी कुठे शिकवली होती? खाऊपर्यंत पोचायचं, तर गाणी म्हणावीच लागत!

मग मी ठरवलं. कोजागिरीच्या दिवशी दुकानातल्या मातीची भुलाबाई केली. भुलोजीचा फेटा कलंडला, पण असू दे. टिपऱ्या नव्हत्या, म्हणून प्रेसमधले (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) लाकडी चमचे काढले. दिवेलागणीला मिचिको, हाना आणि आणखी दोन पोरी आल्या. मी कुणाला 'म्हण' म्हटलं नाही. गात सुटले, चमचे वाजत राहिले, मागून सूर येत गेले. गाणी संपल्यावर डबा हलवला आणि रेवाला सांगितलं, "भुलाबाई नागपूरची आहे. तिला इंग्रजी कळत नाही."

"नॉट इव्हन अ बिट?"

मी भुलाबाईकडे बोट दाखवलं. रेवाने मूर्तीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"लाडू?"

"नाही."

"चकली? तिखट आहे? मग गोड आहे? आजी, वाजतंय का? परत हलव ना!"

हानाने जपानीत काहीतरी ओरडून बघितलं. "भुलाबाईला तेही कळत नाही," रेवाने तिला बजावलं. शेवटी "वडी! खोबऱ्याची वडी!" असं ओरडून तिने डबा हिसकावला. दारात मृणाल उभी होती, हॉस्पिटलच्या कपड्यांत, एक बूट अजून पायातच. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि न सांगता पुढचं गाणं सुरू केलं.

पुढच्या आठवड्यात मी निघाले. नागपूरला उतरले तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हाने मला घट्ट कवटाळलं. घरी येऊन डाळ-भात खाल्ला आणि विचार करत बसले. मिचिकोची धून पोरांना घरी बोलावते. आमची गाणी खाऊपर्यंत नेतात. गाणं बिचारं एवढ्याच कामाचं. आपण उगाच त्याला स्टेजवर चढवतो.

रविवारी फोन वाजला. पडद्यावर रेवा, हातात झाकलेला डबा.

"आजी, ओळख!"

"गोड?"

"हो."

"लाडू? करंजी? शंकरपाळे?"

"नाही! हरलीस!" तिने झाकण काढलं. आत सफरचंदाच्या फोडी घातलेला केक होता. ती तो डबा फोनच्या अगदी जवळ आणत राहिली, इतका की पडद्यावर दुसरं काही दिसेना. मग हळूच तिचा आवाज आला, "पण आजी, तू खाणार कशी?"

महिनाभर हिच्या तोंडून मराठी निघावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला होता. आता ती बोलत होती, आणि मी पडद्यावरच्या केककडे वेड्यासारखा हात नेत होते.