गव्हर्नर आणि माझं बेसमेंट

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलनं उपसत होते. "मीनाताई, हे गेले हो… सकाळी झोपेतच," इतकंच म्हणाल्या. बर्फ सावकाश पडत होता, आणि नदीपलीकडचं डेट्रॉइट त्या पांढऱ्यात विरघळून गेलं होतं. शोव्हलला टेकून मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. मग एकदम संतापच आला. अनंतरावांचा नव्हे, माझाच.

अनंतराव म्हणजे सुमनवहिनींचे यजमान, कॅनडातल्या आमच्या विंडसरच्या मराठी मंडळाचे संस्थापक, इतिहासाचे प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी एकाच माणसाचा ध्यास घेतला होता: चारेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून बोटी भरून माणसं घेऊन अमेरिकेत उतरलेला एक प्युरिटन पुढारी, तिथल्या वसाहतीचा गव्हर्नर. आम्ही त्याला नुसतं 'गव्हर्नर' म्हणायचो, जसा काही शेजारच्या गल्लीत राहतो. नदीकाठी फिरताना अनंतराव काठी पुढे करून म्हणायचे, "तिकडेच उतरला हो तो, जरा लांब…" आणि ऐकता ऐकता मला धुक्यातून शिडं दिसायला लागायची. देवाधर्माला घट्ट धरून राहणारी ती कडक माणसं, पहिल्या हिवाळ्यात गव्हर्नरनं घरचं पीठ शेजाऱ्यांना वाटलं ते… मग मला आमचीच पहिली थंडी आठवायची. विमानतळावरून अनंतरावांनी आम्हाला थेट आपल्या घरी नेलं होतं, माझ्या अंगावर वहिनींचा कोट घातला होता आणि तीन आठवडे ठेवून घेतलं होतं. मंडळातली त्यांची शिस्तही गव्हर्नरचीच. कार्यक्रम वेळेवर, चपला रांगेत, आणि स्टेजवर फक्त मराठी.

तिथंच आमचं बिनसलं. मंडळातल्या मुलांना धड मराठी येईना, म्हणून गणपतीत ती बिचारी गप्प बसायची. मी त्यांना दर रविवारी माझ्या बेसमेंटमध्ये बोलवायला लागले. गोष्ट सांगायची, येईल त्या भाषेत. हळूहळू आयाही येऊ लागल्या, मंडळाचे नियम कसे जाचतात यावर गप्पा रंगू लागल्या. अनंतरावांच्या कानावर गेलंच. भर सभेत म्हणाले, "मीनाताई, दुसरं मंडळ चालवायचं असेल तर इथं तुम्हाला जागा नाही." माझं नाव यादीतून काढलं. अहो, ज्या माणसानं माझ्या अंगावर कोट घातला, त्यानं! अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. ग्रोसरीत दिसले की ट्रॉली वळवायची, बस्स.

गेल्या ऑक्टोबरात, एका रविवारी, मुलं जमलेली असताना बेसमेंटच्या दारात अनंतराव उभे. किती वाळले होते! हातात गव्हर्नरवरच्या पुस्तकाच्या हस्तलिखिताची पिशवी. "पुस्तक अडलंय," म्हणाले. गव्हर्नरच्या वसाहतीत एक बाई होती. ती घरी बैठका भरवायची, प्रवचनांवर आपलं मत सांगायची. गव्हर्नरनं तिच्यावर खटला चालवून तिला वसाहतीबाहेर काढलं. हे सारं अनंतरावांनी आजवर दोन ओळींत उरकलं होतं. त्या दिवशी मात्र मुलांना सविस्तर सांगितलं, तेही चक्क इंग्लिशमधून. मुलं खिळून बसली होती. माझ्या नातीनं विचारलं, "डिड ही एव्हर से सॉरी?"

"नो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मीनाताई, माझं चुकलं."

आणि मी काय म्हणावं? "चहा गार होतोय." निघताना बुटात पाय घालता घालता त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?" मी म्हटलं, "कळवते." केवढा तो तोरा! नंतर दिवाळी आली, मग बर्फ… रोज वाटायचं, करू फोन, घाई काय आहे? मीही त्यांना वसाहतीबाहेरच ठेवलं की.

दिवसवार झाल्यावर वहिनींनी मला त्यांच्या खोलीत नेलं. खिडकीतून नदीचा उजेड पुस्तकांवर हलत होता, जणू ते आत्ताच उठून गेलेत. हस्तलिखितात त्या बाईचं प्रकरण आता चाळीस पानांचं झालं होतं. शेवटचं पान मात्र कोरं. वर त्यांच्या बारीक अक्षरात एवढंच: 'तिचं म्हणणं. मीनाताईंना विचारून लिहिणे.'

"रोज फोनकडे बघायचे हो," वहिनी म्हणाल्या.

मला रडू आवरेना. मग त्यांच्याच खुर्चीत बसले, त्यांचंच पेन घेतलं, आणि त्या बाईविषयी एक अक्षरही न लिहिता लिहिलं: 'अनंतराव, रविवारी तीनला मुलं येतात. तुम्हीही या.'