बॅकअप होऊन राहिला

नागपूरच्या महाल भागातल्या विवाह मंडळात उन्हाळ्यात सगळ्यात सुखी कोण असेल, तर तो सर्व्हर. मंडळाच्या सचिव यमुताई छताच्या पंख्याखाली पदराने वारा घेत बसतात, फॉर्म भरायला आलेली मंडळी जिन्यात उभी राहून घाम पुसतात, आणि सर्व्हरच्या खोलीच्या खिडकीत मात्र ताज्या वाळ्याच्या पट्ट्यांचा कूलर घरघरत असतो. त्या गारव्यात, सर्व्हरशेजारी, एक जुनी लाकडी खुर्ची. तिच्यावर कृष्णकांत. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, हे कूलरपुढे यायचे. मंडळाची फुकट सेवा करतो असं गल्लीत सांगायचे. गल्लीला कूलरचंही ठाऊक होतं.

सरकारी कचेरीत उभी हयात आवक-जावक सांभाळण्यात गेली, तेव्हा कॉम्प्युटर हा प्रकार त्यांना उतारवयात भेटला आणि उतारवयातल्या प्रेमासारखाच अंगात भिनला. सकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते काळ्या पडद्यावर ‘डीएफ मायनस एच’ टाइप करायचे. किती जागा भरली, किती उरली, ते समोर यायचं. दुपारी चहाच्या आधी पुन्हा तेच, घरी निघताना पुन्हा. यमुताई म्हणायच्या, “कृष्णकांतजी, रोग्याची नाडी इतक्यांदा कोणी पाहत नाही. मशीन लाजून मरेल एखाद दिवशी.”

“ताई, नाडी पाहतो म्हणूनच मशीन जिवंत आहे जी.”

सर्व्हरची रचना समजावून सांगायची त्यांना भारी हौस. मंडळाचं सभागृह असतं ना, तसा हा सगळा डिस्कचा साठा, असं ते म्हणत. लग्नात कशा कनाती लावून हॉलचे भाग पाडतो, इकडे जेवणं, तिकडे वऱ्हाडाच्या बॅगा, तसे यात दोन भाग पाडलेत. एकाचं नाव ‘नवे’, म्हणजे यंदाचे उमेदवार. दुसऱ्याचं नाव ‘जुने’, म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांचे. ‘डीएफ’ सांगतं कोणत्या कनातीत किती गर्दी झाली. आणि ‘व्हीजीएस’ अशी दुसरी आज्ञा आहे, ती सांगते की सगळ्या कनातींच्या बाहेर हॉलमध्ये मोकळी फरशी उरली की नाही. ऐकणारा तोवर जिना उतरून गेलेला असायचा.

यंदा मंडळाला दुर्बुद्धी सुचली. फोटोबरोबर परिचयाचा व्हिडिओही पाठवा, असं त्यांनी जाहीर केलं. मग काय विचारता! एका इंजिनिअर मुलाने फुटाळा तलावावर ड्रोन उडवून स्वतःला ढगांतून खाली येताना दाखवलं. एका मुलीने नुसता पोळ्या लाटतानाचा व्हिडिओ पाठवला, पण इतका लांब, की तेवढ्या पोळ्यांत वधू-वर मेळाव्याचं जेवण उरकलं असतं. ‘नवे’ची कनात फुगत गेली. मेळावा तोंडावर, परिचय पुस्तिका छापायला जायची, नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि त्या सकाळी ‘डीएफ’ने शंभर टक्के दाखवले. ‘व्हीजीएस’ने हॉलमध्ये मोकळी फरशी शून्य दाखवली. फॉर्म जाईनासे झाले आणि यमुताईंचा फोन वाजायला लागला.

कृष्णकांत धास्तावले ते मात्र फोनमुळे नाही.

त्यांच्या पोटात वेगळीच गोष्ट होती. त्यांचा मुलगा गौरांग मौद्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टला जातो. पोरगा शांत, पगार चांगला, लग्न मात्र जमलं नव्हतं. मेळाव्यांना जाऊन जाऊन तो विटला होता. केस होते तेव्हाचा त्याचा एक फोटो आणि तेव्हाची हौसेने भरलेली नोंद ‘जुने’मध्ये पडून होती. यंदा बापाने फार गळ घातली तेव्हा तो म्हणाला होता, “बाबा, टाकायचीच असेल तर तीच जुनी नोंद टाका. मी नवा फोटो काढणार नाही. नवा फॉर्म भरणार नाही.” आणि कृष्णकांतांची बायको खाप्याला बहिणीकडे जाताना दारातून बजावून गेली होती, “मी येईपर्यंत गौरांगचं नाव पुस्तिकेत पाहिजे. नाही लागलं, तर मी खाप्यालेच राहीन.”

आता मंडळाचा नियम असा, की नोंद नवीच पाहिजे, फोटो नवाच पाहिजे. हा नियम वर्षानुवर्षं लोकांना ऐकवणारे कोण, तर कृष्णकांतच. ‘जुने’तली नोंद हळूच उचलून ‘नवे’त सरकवायची, यमुताईंना कळू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. पण सरकवायला ‘नवे’त बोटभर जागा नको?

त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडच्या कंपनीतली वेदिका नावाची मुलगी मंडळाचा सर्व्हर दुरून सांभाळायची. गोड बोलायची, काका काका करायची. तिच्याशी बोलताना कृष्णकांत भाषा इस्त्री करून नेसायचे. ‘मले’चं ‘मला’ व्हायचं, ‘काहून’चं ‘का बरं’ व्हायचं, आणि आवाज आकाशवाणीवर बातम्या वाचणाऱ्यासारखा खाली यायचा.

“मॅडम, ‘जुने’ची कनात थोडीशी इकडे सरकवता येणार नाही का?”

“नाही ना काका. त्या प्रकारचा भाग मोठा करता येतो, लहान नाही करता येत. लहान करायचा तर तो पूर्ण काढावाच लागतो. तुम्ही असं करा, ‘जुने’चा सगळा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्या. मग मी ते काढते आणि सगळी जागा ‘नवे’ला देते. दुपारी फोन करते.”

कृष्णकांत कामाला लागले. एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे, एकेका वर्षाचं फोल्डर ओढायचं. मधली वायर जुनी, वेग असा की पंगतीत तूप वाढणारा बरा. आता कोणताही शहाणा बाप काय करेल? आधी आपल्या पोराचं वर्ष ओढेल. पण हे आवक-जावकचे कारकून. त्यांनी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. क्रमाने. यमुताई डोकावल्याच, तर आपल्या पोरासाठी रांग मोडली असं दिसायला नको. नियम मोडायला निघालेला माणूस रांग मोडायला तयार नव्हता.

दुपार झाली. अर्धी वर्षं आली होती, अर्धी यायची होती. गौरांगचं वर्ष रांगेत बरंच मागे उभं होतं. एक फोल्डर संपलं, कृष्णकांतांनी पाण्याचा घोट घेतला, पुढचं ओढायला हात पुढे केला, तेवढ्यात फोन वाजला.

“काका, वेदिका बोलतेय. मला नंतर दुसरं एक काम आलंय. आत्ताच उरकून टाकूया का? बॅकअपचं काय?”

कृष्णकांतांनी घसा साफ केला, इस्त्रीची घडी नीट केली आणि अत्यंत शुद्ध मराठीत उत्तर दिलं.

“बॅकअप होऊन राहिला, मॅडम.”

“अरे वा! छान.”

आता यात चूक कुणाची म्हणावी? नागपुरात पाऊस येऊन राहतो, पोरं अभ्यास करून राहतात, भाजी शिजून राहते. म्हणजे ते सगळं अजून चाललेलं असतं. ‘मले’ नि ‘काहून’ हे गावाकडचे, हे कृष्णकांतांना माहीत होतं, म्हणून ते त्यांनी दाराबाहेर ठेवले. ‘राहिला’ हाही आपल्याकडचाच, हे मात्र त्यांना उभ्या जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. आणि पुण्यातली ती पोरगी, तिच्या कानाला ‘होऊन’ आलं की झालं. पुढचं ‘राहिला’ तिने काकांचं लाडिक बोलणं म्हणून सोडून दिलं.

कृष्णकांतांना वाटलं, ‘छान’ म्हणाली म्हणजे थांबते. तेवढ्यात यमुताई आत आल्या आणि त्यांनी फोन हातातून ओढलाच.

“कोण, पुण्याची का? अवं पोरी, कर वं लवकर. लोक फोन करून करून जीव खाऊन राहिले माझा. काय पाहिजे तुले? कर, सगळं कर!”

“करते काकू, दोन मिनिटं.”

समोरच्या पडद्यावर अक्षरं आपोआप उमटायला लागली. पुण्याहून वेदिका टाइप करत होती, अक्षरं महालात पडत होती. आधी ‘एलव्हीएस’ आलं. खाली दोन नावं आली, ‘जुने’ आणि ‘नवे’. मग ‘जुने’ला बाजूला घेणारी आज्ञा आली. त्या क्षणी एकही फोल्डर ओढलं जात नव्हतं, त्यामुळे मशीनने कुरकुर केली नाही. मग ‘एलव्हीरिमूव्ह’.

कृष्णकांत खुर्चीतून अर्धे उठले.

मशीनने रीतसर विचारलं, चालू भाग खरंच काढायचा का, हो की नाही? ती ओळ पडद्यावर लुकलुकत थांबली.

“ताई, फोन द्या. फोन द्या इकडे!”

“थांबा हो, बोलून राहिली ना मी!” यमुताईंनी पाठ फिरवली. “आणि काय वं, पुस्तिका छापायला गेल्यावर हा खोळंबा झाला असता तर?”

“अवं पोरी, थांब! थांब वं!” कृष्णकांत पडद्याकडे बघून ओरडले. सगळी इस्त्री गेली. पण पडद्याला कान नसतात.

पडद्यावर एक अक्षर उमटलं. हो.

खालची ओळ आली, ‘जुने’ यशस्वीपणे काढलं. त्याच्या पाठोपाठ मोकळी जागा ‘नवे’ला जोडणारी आज्ञा आली, तीही यशस्वी. आणि मग, कृष्णकांत जी आज्ञा सकाळ-दुपार-संध्याकाळ टाइप करायचे तीच ‘डीएफ’, या वेळी दुसऱ्या कुणी तरी टाइप केली. ‘नवे’मध्ये हॉलभर जागा. अडकलेले फॉर्म सुटले, व्हिडिओंची रांग आत घुसली. बाहेर यमुताईंचा फोन वाजायचा थांबला.

“झालं बघा,” यमुताई फोन परत देत म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे.”

कृष्णकांतांनी फोन कानाला लावला. “मॅडम, बॅकअप अर्धाच झाला होता.”

“काका, तुम्ही तर म्हणालात ना, होऊन राहिला?”

“हो. होऊनच राहिला होता.”

“म्हणजे झाला नव्हता?”

“झाला असता तर ‘झाला’ नसतं का म्हटलं मी!”

दोघांनाही काय झालं ते त्याच वेळी कळलं. पोरीचा आवाज बारीक झाला. नुसतं काढलं असतं आणि कुणी जागेला हात लावला नसता, तर परत आणता आलं असतं, असं ती म्हणाली. आता त्या जागेवर नवे व्हिडिओ येऊन बसलेत. “तरी मी प्रयत्न करून बघते काका. पण मी खोटं सांगणार नाही.” मग म्हणाली, “सॉरी काका.” आणि तेही इतक्या मनापासून म्हणाली की रागवायलाही जागा उरली नाही.

“काय झालं जी?” यमुताईंनी विचारलं.

“जुन्या नोंदी अर्ध्या गेल्या.”

“इतकंच ना? मेलं, मले वाटलं कोण गेलं! जुन्यांचं काय करायचं आहे आता? ज्यांचं झालं त्यांचं झालं. ज्यांचं नाही झालं ते नवा फॉर्म भरतील. नियमच आहे तो, तुम्हीच तर सांगता सगळ्यांना.”

पोराची नोंद चोरून सरकवायची होती, असं यमुताईंना सांगायचं? “बरोबर आहे ताई,” कृष्णकांत म्हणाले, आणि कूलरपुढे बसून राहिले. अंगावर वारा येत होता, तरी मानेवरून घाम ओघळत होता.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कुकर लावला. गौरांग मौद्याहून आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. कृष्णकांतांनी त्याला ताट वाढलं आणि स्वतः समोर मोबाइल घेऊन बसले. नोंदणी आज रात्रीपर्यंत उघडी होती. नवा फॉर्म. नाव, जन्मवेळ, गोत्र, नोकरी, सगळं त्यांना तोंडपाठ. फोटो म्हणून चुलतभावाच्या लग्नातला एक सापडला. फेटा बांधलेला होता, त्यामुळे केसांचा प्रश्न फेट्यानेच सोडवला होता.

“काय करून राहिले बाबा?”

खोटं बोलायची ताकद दिवसभरात संपली होती. त्यांनी सांगून टाकलं. सर्व्हर, पुण्याची पोरगी, रांग, सगळं. गौरांग घास थांबवून ऐकत होता.

“म्हणजे तो फोटो गेला?”

“गेला.”

गौरांगच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. कृष्णकांतांनी ते पाहिलं आणि मोबाइलमध्ये मान घातली.

“फॉर्म मी भरला आहे रे. तुले काहीच करायचं नाही. फक्त तुझ्या फोनवर एक नंबर येईल, तो सांग.”

गौरांगचा फोन ताटाशेजारी थरथरला. त्याने तो उचलला, पाहिला, आणि पालथा घालून त्यावर डावा हात ठेवला.

“आला का नंबर?”

“आला.”

“सांग ना मग.”

“बाबा, भात वाढा थोडा.”

कृष्णकांतांनी भात वाढला. वर वरण घातलं, तुपाची धार सोडली. तोवर मोबाइलवर लाल अक्षरं आली होती, नंबरची मुदत संपली, पुन्हा मागवा. त्यांनी खरकटं नसलेल्या बोटाने ‘पुन्हा मागवा’ दाबलं. पोराच्या हाताखाली फोन परत थरथरला.

गौरांगने मान वर केली नाही. तो भात कालवत राहिला, सावकाश, लहानपणी कालवायचा तसा.

“लिंबू देऊ?” कृष्णकांतांनी विचारलं.