जित्त्या माणसाचा फोटो

ती चोरी आठवली की अजूनही मला आधी हसू येतं आणि मग रडू. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं की मी हीच सांगतो.

निवृत्तीच्या थोडं आधी मी नंदुरबारला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शहरातल्या एका जुन्या फोटोग्राफरच्या मुलाने वडिलांच्या पश्चात त्यांच्या स्टुडिओचं छायाचित्र संग्रहालय केलं होतं. एके सकाळी तो अर्ज घेऊन आला : भिंतीवरचा एक फोटो चोरीला गेला. पंचनाम्याला गेलो. कपाटं कॅमेऱ्यांनी भरलेली, पण दारावरचा पहाऱ्याचा कॅमेरा बंद! "धन्य आहे तुमची," मी म्हटलं. महागडी भिंगं जागच्या जागी होती. गेला होता तो वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारीवर बसून हसणाऱ्या एका तरुण मजुराचा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा फोटो. त्याला घातलेला चंदनाचा हार चोराने काढून कोपऱ्यात भिरकावला होता. बाकीचे फोटो त्याहून कितीतरी जुने, आणि सगळ्यांनाच तसे हार होते.

"वडिलांनी टिपलेली जुनी माणसं, साहेब. आता कोण राहिलं असेल? म्हणून मानाने घातले," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली. जवळच्या कोरीट गावची एक बाई पदराखाली चौकट झाकून त्याच्या रिक्षात बसली होती आणि वाटभर रडत होती. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं. म्हणून महिला हवालदाराला घेऊन मीच कोरीटला गेलो.

फोटो लपवलेलासुद्धा नव्हता, समोरच्या भिंतीवर टांगलेला होता. बाई चाळिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने आधी आम्हाला पाणी दिलं.

"ताई, हा फोटो का आणला?" हवालदारबाईंनी विचारलं.

"मी चोट्टी नही, बाई. हाऊ मन्हा मालक शे. जित्ता शे. जित्ता माणूसले हार काबर घाला त्यास्नी?"

नवरा दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गुजरातेत गेला, तो परतलाच नाही. टोळीवाले म्हणाले, मुकादमाशी भांडला आणि वाटेतच उतरला.

"तो जित्ता शे, हाई तुमले कोणी सांगं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मरी गया, हाई तरी कोणी सांगं?"

तिने तक्रारही दिली नव्हती, कारण गावातले म्हणाले, फोटोशिवाय पोलीस काय शोधणार? घरात त्याचा एकही फोटो नव्हता. जावेने संग्रहालयातल्या फोटोत त्याला ओळखलं, म्हणून ही धावत बघायला गेली, तर फोटोला हार!

संग्रहालयाच्या मालकाला तिथेच बोलावून घेतलं. सगळं ऐकून तो तिच्या पाया पडला, अर्ज मागे घेतला आणि त्याच फोटोच्या प्रती काढून दिल्या. त्या दिवशीच मी तिचा नवरा बेपत्ता असल्याची मिसिंग दाखल केली आणि प्रती सुरतेकडच्या ठाण्यांना पाठवल्या. खरं सांगतो, मला आशा नव्हती. ती मात्र दर बाजाराला ठाण्याच्या दारात यायची. "काही समजनं का, साहेब?" मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे.

मग एक दिवस बारडोलीकडून एका हवालदाराचा फोन आला. तिथल्या एका आश्रमात डोक्याला मार लागलेला माणूस होता. नाव-गाव काही सांगत नव्हता, पण हसायचा अगदी त्या फोटोसारखा.

तिला आणि हवालदारबाईंना घेऊन गेलो. दाढी वाढलेला तो अंगणात शेंगा सोलत बसला होता. तोच होता. पण तो तिला ओळखेल का? त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली. मग तो कुरकुरला, "कितला येळ लावा तू!"

"पत्ता देयल व्हता का तू?" ती फिसकन हसली, आणि हसता हसताच मटकन खाली बसून रडायला लागली. हवालदारबाईही रडल्या. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

तपास म्हणजे पुरावे गोळा करणं, असं आम्हाला शिकवलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण त्यानंतर माणूस हरवल्याची खबर आली की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो : याची वाट कोण पाहतंय? मग आधी त्या वाट पाहणाऱ्याजवळ जाऊन बसायचो.