इंडियानातल्या एका काउंटीची चौकशी

आमच्या घरात अमेरिकेतल्या एका काउंटीची जेवढी चौकशी झाली, तेवढी इथे इंग्लंडात, मेडनहेडमधल्या शेजाऱ्यांची इतक्या वर्षांत झाली नाही. इंडियाना राज्यातली ती काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच. आमच्या मुलीने तिथल्या मुलाशी लग्न केलं, तिथेच राहायला गेली आणि काही वर्षांतच तिचा संसार मोडला. तो मोडत होता तेव्हा दर रविवारी आम्ही फोनवर तिथल्या नदीबद्दल बोलत होतो. ही हळहळ काही केल्या जात नाही.

मुलगी द्यायची तर आधी गाव बघून यायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या लग्नाआधी काका माझ्या सासरी जाऊन आले होते. उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं का, जमीन काळी की मुरमाड, एसटी कुठपर्यंत येते, सगळं विचारलं. पण ते नुसतं बोलायचं निमित्त. खरी चौकशी शेजारच्या ओसरीवर झाली: मुलगा तापट आहे का, सासू कशी आहे, घरातून हसण्याबोलण्याचा आवाज येतो का. जमीन मुरमाडच निघाली. ओसरीवरचं उत्तर बरं आलं, म्हणून माझं लग्न झालं.

लेकीने आपलं आपण ठरवलं. जावई अमेरिकन. जिच्यावर जाऊन बसावं अशी ओसरीच आम्हाला तिथे नव्हती. मग आमच्या ह्यांनी जमण्यासारखी होती ती अर्धी चौकशी केली, आणि इतकी कसून केली की विचारू नका. नुकतेच हॉस्पिटलमधून रिटायर झाले होते, वेळच वेळ. डायनिंग टेबलवर नकाशा पसरला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला लागलो. जमीन काळीभोर, पण मुळात दलदल. जमिनीखाली भाजक्या मातीचे नळ घालून पाणी काढलं तेव्हा कुठे मका उभा राहिला. त्याआधी नदीकाठच्या मूळ लोकांना करारावर सह्या घेऊन हाकलून दिलेलं. मग कालवा खणला, तोवर रेल्वे आली आणि कालवा वाया गेला. काउंटीचं मुख्य गाव कोणतं, यावरून दोन गावं भांडली. ज्याने कोर्टासाठी फुकट जागा दिली ते जिंकलं. मला हे सगळं पाठ आहे. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी पाठ आहे.

रविवारी फोन आला की ह्यांचे प्रश्न सुरू. नदीला पूर आला का, जुना कालवा कुठे दिसतो का. लेक इथेच वाढलेली, तिच्या मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ यांचा कायमचा घोळ, पण उत्तरं हौसेने द्यायची. गाडी काढून कालवा बघूनसुद्धा आली. मी मध्येच जावयाचं विचारलं की “ऑल गुड, आई” म्हणायची आणि पुन्हा कालव्याकडे वळायची. बापलेकीचं छान जमलंय, बोलू देत, असं मला वाटायचं. खुळी मी.

एकदा रविवार नसताना फोन आला. म्हणाली, कोर्टात आलेय, थोडा काम आहे, बसून राहायला लागतंय. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. त्यांच्या त्या कोर्टाच्या आत आपली मुलगी! छत कसं आहे, खांब कसले, बाक कुठल्या लाकडाचे, एकामागून एक विचारत सुटले. ती सांगत होती. छतावर रंगीत काच आहे, बाक बहुतेक ओकचे. मग तिला आतून हाक आली आणि फोन बंद झाला. काम कसलं, हे विचारायचं राहूनच गेलं. हे दिवसभर खुशीत होते.

पुढच्या वसंतात ती दोन बॅगा घेऊन घरी आली आणि चहा पिता पिता सगळं सांगितलं. नवऱ्याचं तुटक वागणं, घरातले आठवडेच्या आठवडे अबोल्याचे, मग वेगळं राहणं. त्या दिवशी कोर्टात डिव्होर्सच होता.

ह्यांनी विचारलं, “त्या बाकावर तुझ्याबरोबर कोण होतं?”

“कोणी नाही. मला भीती वाटत होती म्हणून फोन केला. सांगणार होते. पण तुम्ही छत कसं आहे विचारलं, मग मी छत बघत बसले.”

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आमच्याकडे बघून शेवटी तीच वडिलांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “छत खरंच छान होता, बाबा.”