काळू गाडीत का चढत नव्हता

हे अजून माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. ह्यांच्यापाशी नाही, माहेरी देवासला नाही, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर नाहीच — आणि त्या स्टाफरूममध्ये आम्ही बायकांनी सांगायचं म्हणून काय शिल्लक ठेवलं होतं? नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या कवळीपर्यंत सगळं. पण हे नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि ओळखीचे असाल तर — असू द्या आता.

गोष्ट एका कुत्र्याची आहे. म्हणजे — नाही. कुत्र्याचा यात काडीचाही दोष नाही, तेवढं आधीच सांगून टाकते.

आमचा काळू. नखांपासून शेपटीपर्यंत काळा. फ्रीगंजमधल्या आमच्या भाड्याच्या घराच्या ओट्यावर एका थंडीत येऊन बसला आणि मग उठलाच नाही. सासूबाईंचं सोवळं कडक, कुत्र्याची सावली पडली तरी पुन्हा आंघोळ. पण उज्जैनमध्ये काळं कुत्रं म्हणजे भैरवबाबांचं वाहन, त्याला हाकलायची कोणाची छाती आहे? तेव्हा तोडगा निघाला. अंगण आणि ओटा काळूचा, उंबऱ्याच्या आतलं सगळं सासूबाईंचं. मी मधे, दोघांना वेळेवर पोळी घालायला.

त्याच सुमाराला घरोघरी केबल येत होती. आमच्याकडेही तार आली आणि आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. बँकेतून आले की चपला काढायच्या आधी टीव्ही. कुठल्याशा परदेशी चॅनलवर ह्यांनी एक गोरं कुटुंब पाहिलं — चाकांवरचं घर, आत पलंग, आत स्वयंपाकाची सोय, आणि खिडकीतून जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा. हे भाळले ते त्या कुत्र्यावर. म्हणाले, आपल्याकडे कुत्रा तर आहेच. जणू आता फक्त घर आणि चाकं आणायची राहिली होती. मी हसले. हसायला नको होतं, कारण मी हसले की हे हमखास ती गोष्ट करून दाखवतात.

जुनी व्हॅन आली. टावर चौकामागच्या सुतारानं मागची सीट काढून प्लायवूडचा बाक ठोकला, दिवसा बसायला आणि उलगडला की झोपायला. पडदे भैरवगढच्या छाप्याचे, लाल-काळे. ते मी शिवले. हो, मीच, आणि हौसेनं शिवले. नाहीतर तुम्हाला वाटेल मी पहिल्यापासूनच मनात काही धरून होते. नव्हते हो.

दिवाळीच्या सुट्टीत पहिली सहल निघाली, महेश्वरला, नर्मदेच्या काठी. आम्ही तिघं आणि काळू. गाडीनं गाव सोडलं तशी सासूबाईंनी जाहीर केलं, प्रवासात सोवळं नसतं. मला वाटलं हे खाण्यापिण्यापुरतं असेल. कसलं! इंदूर येईपर्यंत काळूचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि त्या त्याच्या कानामागे खाजवतायत. ज्या बाईनं मला लग्नानंतर वर्षभर लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नव्हता, ती.

आणि मी? मी सुट्टीवर होते असं तुम्हाला वाटतं का? हे तंबूच्या दोऱ्या ओढत होते, सासूबाई व्हॅनच्या खिडकीशी बसून नदी पाहत होत्या आणि मी वाळूत पंपाचा स्टोव्ह पेटवत होते. वारा तो विझवत होता, मी परत पेटवत होते. तेच वरण, त्याच पोळ्या, फक्त स्वयंपाकाच्या ओट्याऐवजी दगड आणि कंबर मोडलेली. कणीक भिजवून जरा वळले, तर काळू नदीतून आला आणि परातीशेजारी उभा राहून त्यानं सगळं अंग झाडलं. आमच्या कणकेला नर्मदास्नान घडलं. सासूबाई म्हणाल्या, प्रवासात चालतं. मी तीच कणीक लाटली. संतापानं माझ्या पोळ्यांना कोपरे आले होते.

संध्याकाळी सासूबाई घाटावर जाऊन बसल्या. उभा जन्म उज्जैनमध्ये गेलेला. त्यांच्या घरच्यांनी दोनेकशे वर्षांपूर्वी दक्षिण, म्हणजे महाराष्ट्र, सोडली ती सोडलीच. मग मला म्हणाल्या, "समुद्र याच्यापेक्षा मोठा असतो का गं?" मी म्हटलं, खूपच मोठा, पलीकडचा काठच दिसत नाही. तर त्यांना ते पटेना. काठ कसा नाही? हे तिथल्या तिथे म्हणाले, आई, उन्हाळ्यात कोकणात जायचं, ह्याच गाडीनं, काळूला घेऊन. तुझ्या डोळ्यांनी बघ काठ आहे की नाही ते. सासूबाईंनी काळूला विचारलं, येशील ना रे? त्यानं शेपूट हलवली. माझ्या हातात तेव्हा स्टोव्हची पिन होती आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

तिथून हे सुरू झालं असं म्हणू? म्हणू शकते. पण चिडलेली बायको काय मी एकटीच होते?

मे महिन्यात कोकणाची तयारी झाली. मी ट्रंकेतल्या गोधड्या काढून व्हॅनमध्ये घातल्या. निघायच्या सकाळी वरच्या मजल्यावरचे वर्माजी सहकुटुंब निरोप द्यायला खाली उभे. ह्यांनी ऐटीत दार सरकवलं आणि काळूला हाक मारली. काळू आला, पुढचा एक पाय वर ठेवला, हुंगलं — आणि मागे सरकला. ह्यांनी बिस्कीट दाखवलं. तो शिंकला आणि जाऊन ओट्याखाली बसला. वर्माजींनी नुसतं "अरे भाई" म्हटलं. सासूबाई गंभीर झाल्या. भैरवबाबांचं वाहन नको म्हणतंय, आज निघायचं नाही. आज नाही म्हणजे त्या सुट्टीतच नाही. ह्यांनी डोकं आपटलं, पण आईपुढे काय चालणार?

खरं सांगते, माझ्या जिवात जीव आला. उरलेली सुट्टी मी पंख्याखाली लोळून काढली.

त्याच संध्याकाळी गोधड्या आत नेताना काळू आडवा आला, हुंगून शिंकला आणि पळाला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. डांबराच्या गोळ्या! ट्रंकेत मीच मूठभर टाकल्या होत्या. ह्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं, सासूबाईंच्या नाकात तपकीर. आमच्या घरात वास घेणारं नाक एकट्या काळूचं. कळलं होतं तर तेव्हाच हसत हसत सांगायचं की नाही? सगळे हसले असते आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघाली असती. मी गोधड्यांच्या घड्या घातल्या आणि गप्प बसले.

पण ते गप्प बसणं झालं. दिवाळीत मी जे केलं त्याला काय म्हणायचं? दिवाळीत पुन्हा कोकण ठरलं. आदल्या दिवशी मी त्याच गोळ्या कुटल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधली आणि व्हॅनच्या दाराशी, पायरीजवळच्या रबराखाली सरकवली. वर्गात खडू सरळ करावा तशी ती पुरचुंडी मी नीट बसवली. सकाळी काळू आला, हुंगलं, परत गेला. सासूबाईंनी हात जोडले. मीही जोडले.

मग काय, काळू शकून सांगतो असं फ्रीगंजभर झालं. कोणी कुठे निघालं की आधी आमच्या ओट्यावर. वर्माजी मुलासाठी मुलगी बघायला रतलामला निघाले, तर जीप दारात उभी करून म्हणतात, भाभीजी, ज़रा काळू महाराज को बुलाइए. काळू महाराजांना जीपमध्ये जलेबीचा पुडा दिसला. ते एका उडीत आत, आणि काही केल्या खाली उतरेनात. शेवटी त्यांना रतलामला न्यावं लागलं. लग्न ठरलं. काळू गळ्यात झेंडूची माळ घालून परत आला आणि ती त्यानं रात्रीतून खाल्ली. मी पदर तोंडात धरून हसत होते. मला वाटत होतं, यात वाईट काय आहे? लोक खूश, काळू खूश, मी पंख्याखाली.

हे मात्र खूश नव्हते. रविवारी व्हॅन धुवायचे, बाक उलगडून बघायचे, परत मिटायचे. कधी आत बसून पेपर वाचायचे, पडदे लावून. बँकेतले लोक विचारायचे, काय, कुठवर पोहोचलात? हे म्हणायचे, ओट्यापर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा ठरलं. मी तिसऱ्यांदा पुरचुंडी बांधली. काळू तिसऱ्यांदा परत फिरला.

आता जे सांगायचंय ते सांगते. इतका वेळ मी गोळ्यांचंच सांगत बसले, कारण ते सांगायला सोपं आहे.

त्याच दिवशी दुपारी मी गहू निवडत होते. सासूबाई समोर येऊन बसल्या, नवं लुगडं नेसलेल्या तशाच. ते त्यांनी समुद्रासाठी घेतलं होतं. म्हणाल्या, "तो माझ्यामुळे चढत नाही."

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. महेश्वरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या सोवळ्यात, स्वयंपाकघरातल्या देवांपुढे पूजेला बसल्या होत्या. काळू उंबरा ओलांडून आत आला आणि गाडीत ठेवत होता तसं त्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आणि त्यांनी जवळ पडलेलं लाटणं उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो केकाटलासुद्धा नाही म्हणे, नुसता बघत बघत मागे गेला.

"प्रवासात जवळ घेतलं आणि घरी आल्यावर मारलं," त्या म्हणाल्या. "देवाच्या वाहनाला कळतं गं सगळं. तो मला नेणार नाही."

सासूबाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या आल्यागेल्याचा चहा बघत होत्या. आणि आता एका कुत्र्यासाठी रडत होत्या, माझ्यासमोर, सुपात टिपं पडत होती. पुरचुंडी दहा पावलांवर होती. हात धरून न्यायचं, रबर उचलून दाखवायचं. त्या मला बोल बोल बोलल्या असत्या, महिनाभर पाणी प्यायल्या नसत्या माझ्या हातचं. मग? त्यांच्या मनावरचं ओझं तर उतरलं असतं ना?

मी म्हटलं, आई, असं काही नसतं, तो कधीच विसरला असेल.

त्या म्हणाल्या, "मग चढत का नाही?"

मी म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय. आणि उठून आत गेले. गॅसवर काहीही नव्हतं. मी रिकाम्या शेगडीपुढे उभी राहिले, बाहेरचं नाक ओढणं थांबेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून पहिली पोळी काळूची, तूप लावून. त्या उंबऱ्याशी उभ्या राहून हात जोडायच्या आणि पुटपुटायच्या, चुकले रे बाबा. रोज. पुढे त्यांनी हे ह्यांनाही सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगायला लागल्या. काळू इतका सुटला की त्याला ओट्यावर उडी मारता येईना. हसू येतं ना? मलाही यायचं. आणि तरी मी दुसऱ्या दिवशी तुपाची वाटी भरून त्यांच्या हातात द्यायचे.

मग त्यांचे गुडघे गेले. त्यानंतरच्या थंडीत त्या गेल्या. नवं लुगडं त्यांच्यावर घातलं ते मीच, ट्रंकेतून काढून. त्यालाही वास होता.

ह्यांचं गाडीवरचं मनच उडालं होतं. वर्षश्राद्ध झाल्यावर व्हॅन विकायला काढली. घेणारा यायच्या सकाळी मी आतून झाडायला घेतली आणि रबराखाली ती शेवटची पुरचुंडी सापडली. काढायचं राहूनच गेलं होतं. फडक्याची गाठ तशीच, आत काही नाही. गोळ्या कधीच उडून गेल्या होत्या. मी फडकं कमरेला खोचलं.

गिऱ्हाईक आलं. ह्यांनी दार सरकवून दाखवलं, हा बाक, हे पडदे. आणि ओट्याखालून काळू उठला. म्हातारा झाला होता, जाड झाला होता. हळूहळू आला, पुढचे पाय वर ठेवले, मागचे ओढून घेतले, बाकावर चढला आणि सासूबाई बसायच्या त्या खिडकीशी जाऊन बसला, जीभ बाहेर काढून.

हे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले. डोळे भरले होते.

"म्हणजे आई म्हणायची ते खरंच होतं," ते म्हणाले. "तिच्यामुळेच चढत नव्हता."

मी म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय, आणि आत गेले.